बत्ता खिडकीत होता

आईच्या मागे स्वयंपाकघरातल्या वस्तूंची वाटणी झाली, तेव्हा खल थोरलीकडे गेला आणि बत्ता धाकटीकडे. असं व्हावं ही कुणाचीच इच्छा नव्हती. पण वाटणी मामाने केली होती, आणि मामाची सगळी नोकरी सरकारी गोदाम सांभाळण्यात गेली होती. तिथला नियम त्याने घरात आणला. जे वेगळं उचलता येतं, तो वेगळा नग.

झाकणांवरून सुरुवातीलाच वाजलं. झाकण वेगळं उचलता येतं, हे मामाचं म्हणणं तसं बरोबरच होतं. दोघी भाच्यांनी एकदम आवाज चढवल्यावर त्याने झाकणं पातेल्यांवरच राहू दिली. मात्र ही सवलत आहे, हक्क नव्हे, हेही बजावलं. मग बाहेरच्या खोलीत जुनी चादर अंथरून त्याने एकेक वस्तू आणून मांडली. खल ओट्याखालच्या फडताळात सापडला, म्हणून तो पातेल्यांच्या रांगेत बसला. बत्ता खिडकीत होता. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून तो तिथे टेकवून ठेवलेला होता. मामाने तो हातोडी, पकड आणि पेचकस यांच्या शेजारी ठेवला.

वस्तू आळीपाळीने निवडायच्या होत्या. पहिली पाळी थोरलीची. ती शाळेत गणित शिकवते आणि कुठल्याही गोष्टीला फार वेळ लावत नाही. तिने खल उचलला. धाकटीचा डोळा सकाळपासून त्याच खलावर होता. तिने चादरीवरून एकदा नजर फिरवली, हत्यारांच्या रांगेत वाकून बत्ता घेतला आणि मांडीवर आडवा ठेवला.

"अगं, तो याचा आहे," थोरली म्हणाली.

"मग तू दोन्ही का नाही उचललंस?"

"एका वेळी एकच उचलायचं ठरलंय ना!"

"तेच म्हणतेय मी."

दोघींनी मामाकडे पाहिलं. मामाने चष्मा काढून पुसला. "नियमात बसतंय," तो म्हणाला. "पुढचं बोला."

मुलींचे वडील भिंतीकडच्या खुर्चीवर बसून हे पाहत होते. ते छापखान्यात पुस्तकबांधणी करायचे. निवृत्त होऊन बराच काळ झाला तरी गल्लीत त्यांना अजून बाइंडर म्हणूनच ओळखत. वाटणीची कल्पना त्यांचीच होती. एकट्यासाठी मी चूल पेटवणार नाही, तुम्हा दोघींकडे आलटून पालटून जेवेन, भांडी घेऊन जा, असं त्यांनीच सांगितलं होतं. स्वतःसाठी चहाचं भांडं, तवा, एक पातेलं आणि एक ताटली ठेवून घेतली होती.

"भाऊजी, तुमची काही हरकत?" मामाने विचारलं.

बाइंडरनी बत्त्याकडे पाहिलं, खलाकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले.

हरकत होती. पण ती सांगायची तर आधी दुसरी एक गोष्ट सांगावी लागली असती, आणि तिची वेळ टळून गेली होती.

ती गोष्ट अशी. त्या घरात कुटायचं काम बाइंडर करायचे. स्वयंपाकघरात त्यांना तेवढंच करायची परवानगी होती. लग्न झाल्यावर त्यांनी एकदा भात केला होता. त्यानंतर गॅसजवळ त्यांचं काही काम नाही हे पक्कं झालं. संध्याकाळी बायको आतून "अहो, या" म्हणायची. ते जायचे, खलापाशी उभे राहायचे आणि ती जे टाकेल ते कुटायचे. लसूण असो, मिरी असो, जिरं असो, वाळकी मिरची असो. तिची पाठ त्यांच्याकडे असायची. ती वळून खलात बघायची नाही. आवाजावरून तिला कळायचं. "बारीक," ती म्हणायची. मग "अजून". मग नुसतं "हं". आणि शेवटी "पुरे". पुरे म्हटलं की हात थांबायचा. लाटणं कुठे ठेवलंय हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं, आणि ते माहीत असावं अशी अपेक्षाही नव्हती.

मुली तेव्हा शेजारच्या खोलीत अभ्यास करायच्या. त्यांना भिंतीपलीकडून ठोके ऐकू यायचे आणि आईचा आवाज ऐकू यायचा. बाबा काही बोलत नसत, त्यामुळे बाबा ऐकू यायचे नाहीत.

शेवटच्या आजारपणात तिला तिखट बंद झालं आणि कुटणंही बंद झालं. खिडकीचं दार आपटून तिची झोप मोडायची, म्हणून बाइंडरनी बत्ता उचलून तिथे टेकवला. तो तिथेच राहिला. ती गेल्यावर लोक भेटायला आले, तेव्हा थोरली सगळ्यांसमोर म्हणाली, "आई कुटताना स्वतःशीच बोलायची. अजून, अजून म्हणायची. आठवतं ना गं?" धाकटी हुंदका देऊन म्हणाली, "आणि पुरे म्हणायची. स्वतःलाच."

तिथे बाइंडर बसले होते. त्यांनी तोंड उघडलं होतं. पण एवढ्या माणसांत, रडणाऱ्या मुलींसमोर, "ती मला म्हणायची" असं म्हणणं म्हणजे गेलेल्या बायकोच्या हातातून बत्ता काढून घेण्यासारखं झालं असतं. त्यांनी तोंड मिटलं. पुढच्या वेळी कुणी तोच किस्सा सांगितला, तेव्हा त्यांना वाटलं की आता उशीर झाला. तिसऱ्या वेळी त्यांनी मान डोलावली.

वाटणीनंतर बाइंडर दोन घरांचे पाहुणे झाले.

थोरलीकडे गेलं की ती दार उघडायची आणि म्हणायची, "बाबा, बसा." धाकटीकडे गेलं की ती म्हणायची, "बसा हो बाबा, आलेच." बाइंडर बसायचे. बांधणीचं काम उभ्याने करायचं असतं. एवढं बसायची त्यांना सवय नव्हती. स्वयंपाकघरात काही आपटल्याचा आवाज आला की ते उठायचे, दारापर्यंत जायचे आणि विचारायचे, "मी काही करू का?"

"तुम्ही कशाला? बसा."

त्यांना हवं होतं ते फार नव्हतं. दोनपैकी एका ओट्यापाशी उभं राहायला जागा आणि हाताला काम. ते मिळत नव्हतं, आणि ते मागायचे शब्द त्यांच्याकडे नव्हते. इतकी वर्षं ते न मागता मिळालं होतं.

थोरलीकडे खल होता. बत्त्याच्या जागी ती लाटण्याचं टोक वापरायची. लाटणं लाकडी, खल बिडाचा. लसूण कसाबसा चेचला जायचा. मिरी तशीच राहायची आणि लाटण्याचं टोक तेवढं झिजायचं. तिचा नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून बसून, घाबरला की उजवा पाय जमिनीवर दाबायची त्याला सवय लागली होती. एकदा जेवताना त्याने टेबलाखाली पाय दाबला आणि जिभेवरून काहीतरी काढून ताटाच्या कडेला ठेवलं.

"हे काय आहे?"

थोरलीने पाहिलं. "लाटणं."

"भाजीत?"

"थोडंसंच आहे. जेवा."

"अगं, बाजारात बत्ता मिळतो."

"या खलाला दुसरा बत्ता नाही चालत. आईचा तोच होता."

"मग बहिणीकडून आण."

"तिने आणून द्यावा. खल मुख्य असतो. बत्ता खलाकडे येतो, खल बत्त्याकडे जात नाही."

जावयाने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे जेवत होते. त्यांनी आपल्या तोंडातला तुकडा मघाशीच गिळला होता.

धाकटी फिजिओथेरपिस्ट होती. एकटी राहायची, पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत संसार. तिच्याकडे बत्ता होता. आधी तिने स्टीलच्या वाडग्यात कुटून पाहिलं. वाडग्याच्या बुडाला पोक आलं आणि तो टेबलावर डुलायला लागला. मग तिने लसूण आणि मिरी जाड कापडात गुंडाळून थेट ओट्यावर ठेवायला सुरुवात केली. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे सोडवून तिच्या हातात चांगला जोर आला होता. तिच्या खालच्या मजल्यावर दंतवैद्याचा दवाखाना होता. एका संध्याकाळी तो पांढरा डगला घालूनच वर आला.

"मॅडम, तुम्ही काही फोडताय का?"

"लसूण."

"माझे पेशंट दचकतात हो. तोंडात यंत्र चालू असतं."

"मी अगदी हळू मारते."

"हळू मारता तेव्हा जास्त दचकतात. पुढचा ठोका कधी पडेल ते कळत नाही ना."

धाकटीने माफी मागितली आणि कापडाला आणखी एक घडी घातली. बाइंडर आतल्या खोलीत बसून ऐकत होते. ठोका चुकत होता. ती मनगट न सोडता सगळा हात खांद्यातून टाकत होती. पुस्तकाची पाठ गोल करताना नवीन कामगार हातोडी अशीच मारतात आणि मग कागद फाटतात. ते उठून दारापर्यंत गेले.

"मी मारू का दोन?"

"बाबा, तुमच्या वयात मनगटावर ताण नको. बसा ना हो."

हे ती डॉक्टरी आवाजात म्हणाली. बाइंडर परत जाऊन बसले.

दोघी बहिणी एकमेकींना फोन करत नव्हत्या, पण बाइंडर दोन्हीकडे जात होते, म्हणून निरोपांची सोय झाली. थोरली म्हणायची, "तिला सांगा बाबा, बत्ता तुमच्याकडे आणून ठेव. मी येऊन नेईन." धाकटी म्हणायची, "तिला म्हणावं, आधी खल आण. मोठी आहे ना, मग मोठेपणा दाखव." बाइंडर निरोप घ्यायचे आणि दुसऱ्या घरी जाऊन जेवायला बसायचे.

"काय म्हणाली ती?"

"बरी आहे," बाइंडर म्हणायचे.

मामाचा मधे एकदा फोन आला, कसं काय चाललंय विचारायला. बाइंडर म्हणाले, "जेवण वेळेवर होतं." मामा म्हणाला, "बघा, वाटणी नीट झाली की कटकट राहत नाही."

एक दिवस बाइंडर भांड्यांच्या दुकानात गेले आणि खलबत्ता मागितला. दुकानदाराने लोखंडी दाखवला, दगडी दाखवला, लाकडी दाखवला.

"कुटणार कोण घरात?"

"मी."

दुकानदाराने लाकडी पुढे केला. "मग हा न्या. हलका आहे."

घरी येऊन त्यांनी बाजारातून आणलेला लसूण सोलला, त्यात मिरी टाकली, मीठ टाकलं आणि कुटायला सुरुवात केली. हात लगेच बसला. बरं वाटलं. ते कुटत राहिले. लसूण चेचला गेला, मग एकजीव झाला, मग पातळ झाला. मिरीचा मागमूस राहिला नाही. बत्ता लाकडावर टकटक वाजायला लागला तरी ते थांबले नाहीत, कारण कुणी काही म्हणत नव्हतं. शेवटी हात भरून आला म्हणून थांबले. खलात उरलं होतं ते चमच्याने काढता येईना. बोटाने पुसून पावाला लावावं लागलं. कडू झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवून लवकर थांबून पाहिलं. मिरी दाताखाली आख्खी आली.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला कुटता येतं, थांबता येत नाही. इतक्या वर्षांत एकदाही ते आपल्या मनाने थांबले नव्हते. ते काम दुसऱ्याचं होतं.

त्यांनी लाकडी खल धुऊन फळीवर ठेवला. त्यात किल्ल्या राहायला लागल्या. लाकडी बत्ता त्यांनी खिडकीत लावला, कारण जुना गेल्यापासून दार पुन्हा आपटत होतं. लाकडी बत्ता हलका होता, तेव्हा दार आपटायचं ते आपटतच राहिलं. फक्त आता आधी बत्ता पडायचा आणि मग दार आपटायचं.

पुढे जे झालं ते धाकटीच्या ओट्यामुळे झालं. एका संध्याकाळी तिने कापडाची पुरचुंडी ठेवून नेहमीसारखा बत्ता हाणला, आणि ओट्याच्या फरशीला शेगडीपासून नळापर्यंत सरळ तडा गेला. खालच्या दंतवैद्याने त्या दिवशीचे उरलेले पेशंट घरी पाठवले. फरशी बसवणारा गवंडी आला, त्याने तड्यावरून नख फिरवलं आणि विचारलं, "काय पडलं?"

"काही पडलं नाही."

"मग?"

"लसूण कुटत होते."

गवंड्याने तिच्याकडे पाहिलं, तड्याकडे पाहिलं. "दगड काढावा लागेल सगळा," तो म्हणाला. "तोवर इथे स्वयंपाक विसरा."

धाकटीने दोन पिशव्या भरल्या आणि ती वडिलांच्या घरी आली. एका पिशवीत भांडी होती. दुसरीत बत्ता होता, कारण तो घरात ठेवला तर गवंडी फोडाफोडीला वापरेल अशी तिला भीती होती. स्वयंपाकघरात शिरल्या शिरल्या तिला खिडकीतला लाकडी बत्ता दिसला आणि फळीवरचा किल्ल्यांचा खल दिसला.

"हे कधी आणलंत?"

"खिडकीला काहीतरी लागत होतं."

"मग नुसता बत्ता नाही मिळाला?"

"जोडीनेच देतात," बाइंडर म्हणाले.

धाकटीने पिशवी ओट्यावर जरा जोरात ठेवली. मग तिने बाबांना बसायला सांगितलं.

बातमी थोरलीला कशी कळली ते कुणी विचारलं नाही. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी त्या गल्लीतून शिकाऊ माणसाला घेऊन दिवसातून बरेचदा जायची. धाकटी आईच्या ओट्यावर रोज स्वयंपाक करते आणि बाबा रोज तिच्याच हातचं जेवतात, एवढं ऐकल्यावर थोरलीने शाळेतून परस्पर भाजी घेतली, घरी जाऊन खल पिशवीत घातला आणि ती येऊन धडकली. खल जड होता. जिना चढून येईपर्यंत तिचा श्वास चढला होता, त्यामुळे भांडणाची सुरुवात थोडी उशिरा झाली.

"आज मी करणार आहे स्वयंपाक," ती म्हणाली.

"कर ना. अर्धा ओटा मोकळा आहे."

"कुठला अर्धा?"

"नळाकडचा."

"आणि शेगडी तुझ्या अर्ध्यात?"

"ताई, शेगडी होती तिथेच आहे. मी हलवली नाही."

थोरलीने नळाकडच्या अर्ध्यात खल ठेवला. धाकटीच्या अर्ध्यात बत्ता उभा होता. खल आणि बत्ता वाटणीनंतर प्रथमच एका ओट्यावर आले होते, आणि मध्ये एक वांगं होतं. थोरलीने लसणाच्या पाकळ्या, मिरी आणि मीठ खलात टाकलं आणि पिशवीतून लाटणं काढलं. लाटण्याचं एक टोक पेन्सिलीसारखं झालं होतं. धाकटीने ते पाहिलं आणि तिला हसू आलं. ते तिने दाबलं, पण पुरतं दाबलं गेलं नाही.

"हसायला काय झालं?"

"काही नाही. तासून घेतलंस का?"

"तू ओटा फोडलास."

"तो आधीच कच्चा होता."

"दगड कच्चा नसतो. दे तो बत्ता इकडे."

"खल इकडे सरकव."

"खल जड आहे. बत्ता हलका आहे. कुणी कुणाकडे यायचं ते साधं गणित आहे."

"गणित शाळेत."

"लहानपणापासून असंच करतेस तू. मी जे घेतलं त्याचा अर्धा हवा तुला."

"अर्धा नव्हता हवा. पूर्ण हवा होता. तू पहिली पाळी घेतलीस."

"मामाने दिली!"

बाहेरच्या खोलीत बाइंडर बसले होते, कारण दोघींनी, वेगवेगळ्या वेळी, त्यांना बसायला सांगितलं होतं. कढईत तेल टाकल्याचं त्यांनी ऐकलं होतं. शेगडी चालू होती. तेल तापत होतं आणि आत कुणीही काहीही कुटत नव्हतं. ते उठले. या वेळी दारात थांबले नाहीत आणि विचारलंही नाही. सरळ आत गेले, धाकटीपुढचा बत्ता उचलला, दोन पावलं पलीकडे जाऊन थोरलीच्या पुढ्यातला खल डाव्या हाताने धरला आणि ठोका टाकला.

पहिला ठोका लसणाचा ओला आवाज करून गेला. दुसरा, तिसरा, मग हात बसला. मनगट सैल, बत्ता आपल्या वजनाने खाली, उचलताना फक्त दोन बोटं. बिडाचा खल वाजायचा तसा वाजायला लागला, आणि आवाज भिंतीतून शेजारच्या खोलीत गेला. तिथे आता अभ्यासाला कुणी नव्हतं.

थोरली शेगडीकडे तोंड करून उभी होती, कारण तेल बघायचं होतं. वळून न बघता ती म्हणाली, "बारीक."

म्हणाली आणि स्वतःच दचकली. मागे ठोके पडतच होते. आता ते जवळून आणि बारीक पडायला लागले होते. धाकटीचा हात तोंडाशी गेला. थोरलीने गॅस कमी केला. मग हळूच, पाहावं म्हणून, ती म्हणाली, "अजून."

ठोके चालू राहिले.

धाकटी पुढे आली आणि खलात न बघता बाबांच्या हाताकडे बघत राहिली. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही कुटायचात?"

"हो."

"रोज?"

"तिखट असेल त्या दिवशी."

"आणि आई?"

"ती सांगायची."

"म्हणजे ती स्वतःशी नाही बोलायची?"

"स्वतःशी कशाला बोलेल? मी तिथेच होतो."

थोरली आता पुरती वळली होती. तिच्या हातात झारा होता. "मग आम्हाला सांगितलं का नाहीत इतके दिवस? मी किती लोकांना ते सांगितलं! शाळेत सुद्धा सांगितलं."

"चांगलं सांगत होतीस," बाइंडर म्हणाले. "मधे बोलावंसं वाटलं नाही."

"पण निदान कुटून तरी द्यायचंत! माझं लाटणं बघा काय झालंय."

"विचारलं मी. दोघींना."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"आणि आम्ही काय म्हटलं?" थोरलीने विचारलं, पण तिला उत्तर माहीत असावं. बाइंडर कुटत होते. बोलण्याच्या नादात बरंच कुटून झालं होतं, आणि त्यांची नजर आता खलावर नव्हती; ती एकीकडून दुसरीकडे फिरत होती. धाकटीला ते आधी कळलं. ती दिवसभर माणसांचे हातपाय बघते. कुठला हात स्वतः हलतोय आणि कुठला थांबायची वाट बघतोय, हे तिला दिसतं.

"पुरे," ती म्हणाली.

बत्ता हवेत थांबला.

"पुरे नाही," थोरली म्हणाली. "आवाज अजून टणक येतोय. मिरी आहे."

"ताई, ती मिरी नाही, मीठ आहे. खडे मीठ टाकलंयस तू."

"मला मिरीचा आवाज कळत नाही? मी भिंतीकडच्या टेबलावर बसायचे. तू खिडकीकडे होतीस."

"म्हणून तुला फक्त ठोके ऐकू यायचे. मला आईचं पुरे ऐकू यायचं. ते याच्याच आसपास यायचं."

"याच्यानंतर यायचं."

बाइंडर बत्ता वर धरून उभे होते. तो त्यांनी खाली आणला नाही.

"तेल जळतंय," ते म्हणाले. "ठरवा."

थोरलीने खलात बोट बुडवून जिभेला लावलं. धाकटीनेही लावलं. दोघींनी छताकडे पाहिलं, आई चव घेताना पाहायची तसं.

"दोन मारा," थोरली म्हणाली.

"एक," धाकटी म्हणाली.

बाइंडरनी एक मारला आणि ते थांबले. थोरलीने थोडा वेळ वाट पाहिली. मग ती खल उचलायला वाकली, आणि धाकटीने दुसऱ्या बाजूने हात लावला, कारण तो खरंच जड होता.

जेवताना मिरी एक-दोनदा दाताखाली आली. थोरलीने प्रत्येक वेळी धाकटीकडे पाहिलं.

निघताना थोरलीने खल धुतला, पुसला, पिशवीत घातला, मग पिशवीतून काढून ओट्यावर ठेवला. "जिना उतरायचाय," ती म्हणाली. "इथेच असू दे. पण माझा आहे."

"बत्ता माझा आहे," धाकटी म्हणाली आणि तो खलात ठेवला.

पुढे धाकटीच्या ओट्यावर नवी फरशी बसली. गवंड्याने ती बसवून तिच्यावरून हात फिरवला आणि हिच्यावर काही कुटू नका असं सांगितलं. धाकटीने फरशीचं कौतुक केलं. तिच्यावर चहाचं भांडं ठेवून ती पिशवी घेऊन वडिलांच्या घरी गेली. थोरली आधीच पोचली होती. तिचा नवरा खाली गाडीत होता; सात वाजता जेवायला वर बोलवा, असं त्याने सांगून ठेवलं होतं.

बाइंडर बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. आत दोघी हळू आवाजात काहीतरी ठरवत होत्या, जिऱ्यावरून असावं. खिडकीतला लाकडी बत्ता पडला आणि दार आपटलं. बाइंडरनी मान वर केली नाही. त्यांचं लक्ष दुसऱ्या आवाजाकडे होतं.

"बाबा," थोरली आतून म्हणाली, "या."

त्यांनी पेपरची घडी घातली, कडेवरून अंगठा फिरवून ती सरळ केली, आणि ते आत गेले.